डेथ व्हॅलीत एकटीनं तीन रात्री राहायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीच्या मध्यावर कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमध्ये तीन रात्री एकटीनं तंबूत राहायचं, दिवसा पायी भटकायचं. सह्याद्रीत दहा वर्षं ट्रेक केलेत, पण कायम गटाबरोबर. लास व्हेगासहून भाड्याची गाडी घेणार. हा वेडेपणा आहे का, पाणी किती न्यायचं, साप-विंचवांचं काय, आणि रात्री भीती वाटली तर?

वेडेपणा अजिबात नाही. महिनाही अगदी बरोबर निवडलात. फर्नेस क्रीकला, म्हणजे उद्यानातल्या मुख्य वस्तीला, फेब्रुवारीत दुपारचं सरासरी तापमान २३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, पहाटे ते आठपर्यंत उतरतं. हेच तुम्ही जूनमध्ये विचारलं असतंत तर माझं उत्तर एका शब्दाचं असतं. मी गेली सोळा-सतरा वर्षं जवळजवळ दर हिवाळ्यात इथे जाते, बहुतेक वेळा एकटीच. पहिल्या दोन-तीन खेपांना ज्या चुका केल्या त्यातून वाचले ती हुशारीनं नव्हे, हवा थंड होती म्हणून. त्यामुळे खालचं बरंचसं स्वतःच्या फजितीतून आलेलं आहे.

आधी भीतीची यादी उलटी करू. तुमच्या यादीत साप, विंचू आणि रात्र वर आहेत, गाडीचा उल्लेखसुद्धा नाही. या उद्यानात माणसं सगळ्यात जास्त मरतात ती गाडीच्या अपघातात, आणि त्यातही दुसऱ्या गाडीशी टक्कर न होता. रस्ता सरळ, रिकामा, नजरेच्या टोकापर्यंत दिसणारा. वेग कधी वाढला ते कळत नाही. मग एक वळण येतं, चाक खडीवर उतरतं आणि गाडी उलटते. म्हणून पहिला सल्ला चालण्याचा नाहीच. लास व्हेगासला विमानातून उतरून त्याच रात्री अंधारात उद्यानात शिरू नका. रस्ता जेमतेम दोन-अडीच तासांचा आहे, तो सकाळी करा. वाटेतल्या पारंप गावात टाकी भरा, पाणी आणि खाणं तिथेच घ्या. उद्यानात फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनामिंट स्प्रिंग्जला पेट्रोल मिळतं, पण भाव डोळे पांढरे करणारा असतो.

गाडीबद्दल अजून एक. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावर न्यायची मनाई बहुधा असतेच, आणि इथले कच्चे रस्ते म्हणजे सुरीसारख्या धारेच्या दगडांचे. टायर फाटला आणि डिकीत ते पातळ, सायकलच्या चाकासारखं स्टेपनी असलं तर पुढचा दिवस गेला. रेसट्रॅक नावाच्या सुकलेल्या तळ्यावर दगड आपोआप सरकल्याच्या खुणा दिसतात, ते फोटो पाहून मोह होईल. या खेपेला सोडून द्या. डांबरी रस्त्याला लागून चालण्याजोगं इतकं आहे की तीन दिवस पुरणार नाहीत.

फोनच्या नकाशावर विसंबू नका. नकाशा खाणकामाच्या काळातली, शंभर वर्षांपूर्वीची वाटही 'रस्ता' म्हणून दाखवतो. इथल्या रेंजरांच्या तोंडी 'डेथ बाय जीपीएस', म्हणजे जीपीएसमुळे ओढवलेलं मरण, असा शब्दच रुळला आहे. उद्यानाचा कागदी नकाशा फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरला मिळतो, तो समोर ठेवा. फोनवर ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या तो वेगळा. रेंज फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्सच्या आसपास थोडीफार असते, बाकी ठिकाणी नाही असंच धरून चाला.

आता एक जड गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. १९९६ च्या जुलैत चार जर्मन पर्यटक, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं, भाड्याच्या व्हॅननं अशाच एका कच्च्या वाटेला लागले. ऑक्टोबरमध्ये व्हॅन अँव्हिल कॅन्यनमध्ये सापडली. तीन टायर बसलेले. माणसं गाडी सोडून पायी निघून गेली होती. त्यांतल्या मोठ्या माणसांचे अवशेष मिळायला २००९ साल उजाडलं. शोधणाऱ्यांना गाडी दिसते, माणूस दिसत नाही. हेलिकॉप्टरमधून पांढरं छत काही किलोमीटरवरून चमकतं. खडकाच्या सावलीत बसलेली बाई मात्र शंभर मीटरवरूनही खडकच वाटते.

सह्याद्रीची सवय इथे उलटी पडते ती नेमकी या जागी. आपल्या अंगात मुरलेलं असतं की वाट चुकली तर ओढ्याच्या कडेनं खाली उतरायचं, खाली वाडी लागतेच, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतंच. डेथ व्हॅलीत खाली उतरत गेलात तर लागतं मिठाचं मैदान, समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली, जिथे सावलीला गवताचं पातंही नाही. इथे गाडी हीच वाडी. गाडी बंद पडली तर तिच्या सावलीत बसायचं, बॉनेट उघडं ठेवायचं आणि थांबायचं. फेब्रुवारीत डांबरी रस्त्यावर तासाभरात कुणीतरी येतंच.

पाण्याकडे वळते. उद्यानाची शिफारस माणशी दिवसाला किमान चार लिटरची आहे. ती पिण्याची, आणि 'किमान' हा शब्द तिथे शोभेला नाही. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, फुटतो तसा उडून जातो. शर्ट कोरडा म्हणून आपल्याला वाटतं घाम आलाच नाही. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात तेव्हा कळतं. तीन रात्री, चार दिवस, त्यात स्वयंपाक आणि जुजबी धुणं धरून मी गाडीत पंचवीस ते तीस लिटर ठेवते. कॅम्पग्राउंडला नळ असतो हे ठाऊक असूनही ठेवते, कारण नळ दुरुस्तीसाठी बंद असल्याची पाटी मी पाहिलेली आहे.

ते सगळं एकाच कॅनमध्ये भरू नका. एका वर्षी मी वीस लिटरचा तोटीवाला कॅन घेतला, तोटी रात्रभर ठिबकत राहिली आणि सकाळी माझी पुस्तकं, कपडे आणि गाडीचा गालिचा यांची तहान व्यवस्थित भागलेली होती. तेव्हापासून चार-चार लिटरचे सहा-सात कॅन, वेगवेगळ्या जागी.

चालताना पाण्याचे तीन वाटे करायचे. एक जायचा, एक यायचा, एक हातचा. हातच्याला गाडीचं दार दिसेपर्यंत हात लावायचा नाही. पहिला वाटा संपला की तिथून मागे वळायचं, मग टोक दोनशे मीटरवर असो की समोर दिसत असो. आणि हे सकाळी गाडीजवळ उभं असतानाच ठरवायचं, वाटेत नाही. मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती. गटात कुणीतरी म्हणतं, 'बास आता, वळूया.' एकट्या माणसाचा तो 'कुणीतरी' म्हणजे सकाळची आपण, थंड डोक्याची, पोट भरलेली. दुपारच्या दमलेल्या बाईला निर्णय घेऊ देऊ नका, तिला फक्त सकाळचा हुकूम पाळू द्या. मी वळायची वेळ बॉलपेननं मनगटावर लिहिते. हास्यास्पद दिसतं, पण वाद घालता येत नाही.

नुसतं पाणीही पीत सुटू नका. मीठ न खाता पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्याची लक्षणं उष्माघातासारखीच: मळमळ, डोकेदुखी, भ्रम. खारे दाणे, चिवडा, ओआरएसची पाकिटं बरोबर हवीत. दर तासाला काहीतरी खारट तोंडात टाका.

ऊन लागण्यातली खरी गोम अशी की डोकं चालेनासं होतं हे त्याच डोक्याला कळत नाही. बरोबर कुणी असेल तर ते सांगतं. एकटीला कोण सांगणार? मी एकोणिसाचा पाढा म्हणते. एकोणीस, अडतीस, सत्तावन्न, शहात्तर, पंच्याण्णव. दहापर्यंत न अडखळता गेले तर पुढे चालते. अडखळले तर सावली गाठून अर्धा तास बसते, पाणी पिते, मानेवर ओला रुमाल टाकते आणि मग परत फिरते. ही वैद्यकीय चाचणी नव्हे, पण दोनदा तिनं मला वेळेवर बसवलंय.

फेब्रुवारीत तुम्हाला उन्हाचा असा तडाखा बसायची शक्यता कमी आहे, तरी इथलं ऊन काय चीज आहे हे माहीत असू द्या. १० जुलै १९१३ रोजी फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली, तीच आजही जगातली अधिकृत विक्रमी नोंद मानली जाते. १९७२ च्या जुलैत तिथल्या जमिनीचं तापमान ९३ अंशांच्या वर मोजलं गेलं. २०२४ च्या जुलैत वाळूच्या टेकड्यांवर एका पर्यटकाच्या पायातल्या चपला निसटल्या आणि तळपाय तिसऱ्या डिग्रीपर्यंत भाजले. हेलिकॉप्टर बोलावलं, पण ते तिथे उतरू शकलं नाही. तापलेली हवा विरळ होते, पात्यांना पुरेसा उठाव मिळत नाही. ४९ अंशांच्या वर ही हेलिकॉप्टरं बहुधा उडतच नाहीत. त्या माणसाला आधी गाडीनं उंचावरच्या थंड जागी न्यावं लागलं. उन्हाळ्यात खालच्या भागात सकाळी दहानंतर चालू नका असं उद्यान सांगतं ते याचसाठी.

कुठे चालायचं? इथे जमिनीचा एक गुण समजून घ्या, मग निवड सोपी होते. कॅन्यन म्हणजे आपल्याकडची घळ किंवा नाळ. घळीतून वर जाताना फाटे फुटतात, खाली येताना सगळे फाटे एकत्र येतात. म्हणजे परतीला चुकायची भीती कमी. डोंगराच्या धारेवर नेमकं उलटं. चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडे मिळतात, उतरताना एकेक सोंड वेगळी फुटते आणि चुकीची पकडली की भलत्याच दरीत उतरतो. म्हणून पहिल्या एकट्या खेपेला कॅन्यन घ्या: घळीतून वर, त्याच घळीतून परत.

मोझेइक कॅन्यन त्यासाठी छान. स्टोव्हपाइप वेल्सजवळ, जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटर, गुळगुळीत संगमरवरी भिंतींमधून. गोल्डन कॅन्यन आणि गोअर गल्चची वर्तुळाकार वाट सात किलोमीटरची, खुणांची पाटी ठिकठिकाणी. तिला झब्रिस्की पॉइंट जोडला तर साडेबारा होते, आणि इथेच मी माती खाल्ली. झब्रिस्कीखालच्या पिवळ्या मातीच्या टेकाडांत प्रत्येक ओघळ दुसऱ्याची सख्खी बहीण. खूण चुकले, 'खाली गेलं की कळेल' म्हणत एका ओघळीत उतरले, आणि पुढे पुरुषभर उंचीचा सुटा कडा. मागे फिरून पुन्हा वर यायला पाऊण तास आणि सगळं पाणी लागलं. ते नोव्हेंबरातलं होतं. त्याच गोल्डन कॅन्यनच्या तोंडाशी, गाड्या लावतात तिथे, २०२३ च्या जुलैत एक ७१ वर्षांचा माणूस कोसळला आणि मरण पावला. त्या दिवशी फर्नेस क्रीकला ४९ अंश होते, कॅन्यनमध्ये त्याहून जास्तच असणार, कारण भिंती उष्णता परत फेकतात.

सुट्या कड्यांवरून आठवलं. इथल्या बहुतेक कॅन्यनांत कोरडे धबधबे आडवे येतात, त्यांना ड्राय फॉल म्हणतात. तुम्ही रॉक पॅच, म्हणजे कातळावरचे चढाईचे टप्पे, केलेले असणार, हात शिवशिवतील. पण चढणं सोपं असतं, उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. आणि खडक सह्याद्रीच्या काळ्या कातळासारखा भरवशाचा नाही, हातात येतो. एकटीनं जे उतरून दाखवता येणार नाही ते चढू नये. तसंच, वरून घसरत खाली आलात आणि परत चढता येणार नाही अशीही उडी नको. दोन ड्राय फॉलच्या मध्ये अडकलेली माणसं रेंजरांना काढावी लागतात.

मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्यांवर पहाटे जा. सर्वांत उंच टेकडी तीसेक मीटरची, वाट अशी नाहीच. गाडी लावली तिच्यामागचा डोंगराचा आकार नीट पाहून ठेवा, आपल्याच पावलांवर भरवसा नको, वारा ती पुसतो. टेलिस्कोप पीक मात्र आता नको. ३,३६८ मीटर उंच, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर, आणि फेब्रुवारीत वर बर्फ असतो, आइस ॲक्स आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली लावायचे लोखंडी काटे, लागतात.

अंतराच्या बाबतीत डोळे फसवतात हेही जाता जाता. हवा स्वच्छ, मध्ये झाड नाही, घर नाही, त्यामुळे दहा किलोमीटरवरचा डोंगर दोनवर वाटतो. कॅन्यनच्या तोंडाशी दगडगोट्यांचा जो पंख्यासारखा उतार पसरलेला असतो, त्यावर तर तासाला दोन किलोमीटर झाले तरी खूप. घोटा तिथेच मुरगळतो. बूट घोट्याच्या वर येणारे घ्या, वाळू आत जाऊ नये म्हणून गेटर, म्हणजे बुटावर चढवायचं कापडी आवरण.

तंबू कुठे लावायचा? पहिल्या दोन रात्री टेक्सास स्प्रिंग्ज. समुद्रसपाटीच्या उंचीवर, फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरपासून जवळ, आणि तिथे जनरेटर लावायला बंदी आहे, त्यामुळे रात्र शांत. शेजारच्या मोठ्या कॅम्पग्राउंडांवर घराएवढ्या गाड्या घरघरत उभ्या असतात. तिसरी रात्र उत्तरेला मेस्किट स्प्रिंगला घ्या, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, माणसं कमी. तिथून उबेहेबे हे ज्वालामुखीच्या स्फोटाचं विवर जवळ आहे, काठावरून दीडेक मैलाची फेरी होते. फर्नेस क्रीक कॅम्पग्राउंडला हिवाळ्यात आरक्षण लागतं, इतरत्र त्या वर्षी काय नियम आहे ते निघण्याआधी उद्यानाच्या अधिकृत पानावर बघा. आरक्षण नसलेल्या जागी दुपारी बाराच्या आत पोचा. शुक्रवार टाळा.

बॅककंट्रीत, म्हणजे कॅम्पग्राउंड सोडून रानात तंबू लावायचं तुमच्या मनात असणार, हे मला दिसतंय. पुढच्या वर्षी. डांबरी रस्त्यापासून किमान मैलभर लांब, झऱ्यापासून अंतर राखून, मिठाच्या मैदानावर आणि वाळूच्या टेकड्यांवर मुळीच नाही, शेकोटी बंद, काही वाटांना परमिट बंधनकारक, असे बरेच नियम आहेत आणि ते अधूनमधून बदलतात. व्हिजिटर सेंटरला विचारणं सगळ्यात सोपं. आणि कुठेही असलात तरी वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, तंबू लावू नका. सपाट, मऊ, वाऱ्याच्या आड अशी ती आदर्श जागा वाटते. पण पाऊस वीस किलोमीटरवर डोंगरात पडतो आणि इथे चांदण्यात पूर येतो. वर्षभरात जेमतेम पाच सेंटिमीटर पाऊस पडणारी ही जमीन पाणी शोषतच नाही. ५ ऑगस्ट २०२२ ला एका दिवसात ३७ मिलिमीटर पडला आणि सुमारे हजार माणसं अडकली. पुढच्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळात त्याहून जास्त पडला, रस्ते वाहून गेले, उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिलं. त्या पाण्यानं बॅडवॉटरच्या मिठाच्या मैदानावर चक्क तळं झालं आणि महिनोन्महिने टिकलं.

फेब्रुवारीत तुमचा खरा शत्रू वारा. दुपारपर्यंत पान हलत नाही (पान असतंच कुठे म्हणा) आणि चार वाजता सुटतो तो रात्रभर. माझा पहिला तंबू मेस्किट स्प्रिंगला गेला. मी विवर पाहून परत आले तेव्हा तो दोन जागा पलीकडे काटेरी झुडपात बसलेला होता, एक काठी मोडलेली. जमीन खडीची, खुंट्या दोन इंचही आत जात नाहीत. दोरीला मोठा दगड बांधायचा आणि त्याच्यावर आणखी एक दगड ठेवायचा, चारी कोपऱ्यांना. दिवसभर बाहेर जाणार असाल तर तंबू सरळ आडवा पाडून ठेवा. दार वाऱ्याच्या उलट दिशेला. आणि वाऱ्यानं हैराण केलं तर मुकाट्यानं गाडीत झोपा. त्यात काही कमीपणा नाही. कॅम्पग्राउंडच्या जागेत गाडीत झोपलेलं चालतं.

वाळवंट म्हणून पातळ पांघरूण आणू नका. शून्याच्या आसपास चालेल अशी स्लीपिंग बॅग, खाली नीट जाडीची मॅट, कानटोपी. दिवसा उलट: सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी. उघड्या बाह्यांनी गार वाटतं ते फक्त पहिला अर्धा तास.

साप-विंचवांचं आता सांगते, कारण त्याला दोन ओळी पुरतात. साइडवाइंडर आणि इतर रॅटलस्नेक इथे आहेत, थंडीत ते बहुतेक काळ बिळात असतात. हात-पाय दिसत नाही तिथे घालायचे नाहीत, बूट सकाळी झटकून घालायचे. विंचू जांभळ्या यूव्ही टॉर्चमध्ये हिरवट चमकतो, हवी तर हौस म्हणून न्या. मला सांगण्यासारखा उपद्रव झाला तो डोमकावळ्यांचा. पिशवीची चेन उघडतात. खाणं गाडीतच ठेवा. जुन्या खाणींच्या तोंडात डोकावूसुद्धा नका, आत हवा विषारी असू शकते आणि लाकडी टेकू शंभर वर्षांचे आहेत.

माणसांची भीती तुम्ही थेट विचारली नाहीत, पण 'एकटी' या शब्दात ती असते. कॅम्पग्राउंडवर सहसा आजी-आजोबा, शाळकरी मुलांची कुटुंबं आणि दुर्बिणी लावून बसलेले आकाशवेडे. पोचल्यावर शेजारच्या जागेतल्यांना ओळख द्या. वाटेत कुणी 'एकटीच का, कुठे उतरलात' विचारलं तर खरं सांगायचं बंधन नाही. माझा एक काल्पनिक नवरा कायम मागून सावकाश येत असतो. गाडी तोंड बाहेर करून लावा, किल्ली झोपताना रोज एकाच खिशात.

रात्र. फेब्रुवारीच्या मध्यावर साडेपाचच्या आत सूर्य डोंगराआड जातो आणि उजाडतं साडेसहाला. तेरा तास. ट्रेकच्या रात्री गप्पा, गाणी, चहा यांत सरतात, इथे तसं काही नाही. सहाला जेवण, सातला भांडी पुसून झाली, आणि आठ वाजता वाटतं मध्यरात्र झाली. भीती वाटते ती बहुधा याच तासाला, आणि तिच्यात कोल्ह्याकुत्र्यांपेक्षा रिकामेपणाचा भाग मोठा असतो. वारा नसेल तर शांतता इतकी की स्वतःच्या कानातला ठोका ऐकू येतो. मी पहिल्या रात्री तो आवाज कशाचा म्हणून हेडटॉर्च घेऊन तंबूभोवती फिरले होते. तंबूच्या आत बसून राहू नका, आतून प्रत्येक आवाज मोठा होतो. खुर्ची बाहेर काढा, अंगावर सगळे कपडे चढवा, टॉर्च विझवा. वीस मिनिटांत डोळे सरावतात. या उद्यानाला २०१३ मध्ये गडद आकाशासाठीचा सर्वोच्च, सुवर्ण दर्जा मिळालेला आहे. अमावस्येच्या आसपासची तारीख जमली तर बघा. दुसऱ्या रात्री तुम्ही आठ वाजायची वाट पाहाल, असा माझा अंदाज.

आणि तरीही नाहीच जमलं तर पहिल्याच रात्री सामान गाडीत टाकून फर्नेस क्रीकच्या लॉजमध्ये खोली मिळते का ते विचारायला मोकळ्या आहात. खोलीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. मोकळी वाट आहे हे माहीत असलं की ती बहुधा लागत नाही.

सॅटेलाइट मेसेंजर भाड्यानं मिळाला तर नक्की घ्या. फोन नवा असेल तर त्यातही उपग्रहामार्फत आणीबाणीचा संदेश पाठवायची सोय असते, घरी एकदा तिचा सराव करून बघा. पण अरुंद कॅन्यनमध्ये आकाशाची फटच दिसते, संदेश जायला वेळ लागतो, कधी जातच नाही. म्हणून यंत्रापेक्षा जुनी पद्धत आधी: घरच्या एका माणसाकडे लेखी बेत. गाडीचा नंबर, रंग, रोज कोणत्या वाटेला जाणार, कोणत्या रात्री कुठे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा. 'संध्याकाळपर्यंत' असं नको, 'सोमवारी रात्री नऊ' असं. बेत बदलला तर गाडीच्या डॅशबोर्डवर चिठ्ठी: कुठे गेले, केव्हा निघाले, केव्हा परत येणार.

आणि बाहेर पडलात की तो निरोप द्या. मी एकदा विसरले. पारंपला पोचून हॉटेलात आंघोळ केली, पिझ्झा खाल्ला, झोपले. बहिणीनं ठरल्याप्रमाणे नऊ वाजून पाच मिनिटांनी रेंजरांना फोन केला. रात्री अकराला दारावर टकटक झाली तेव्हा मी केस पुसत, अर्धवट झोपेत दार उघडलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात माझ्या गाडीचा नंबर लिहिलेला कागद होता.